आमच्या सेंटरचा लठ्ठ बोका

आमच्याकडे किस्से फार लवकर साठतात. जिथे सगळे सगळ्यांवर नजर ठेवून असतात, तिथून काहीच निसटत नाही!

मी आयुष्यभर अंजूर-खारबावच्या पट्ट्यात लग्नांचा आणि हळदींचा स्वयंपाक केला. आता गुडघे चुलीपुढे टिकत नाहीत. म्हणून मानकोलीच्या रस्त्याला, दोन गोडाऊनच्या मधल्या एका बंगल्यात स्वयंपाकाला आहे. ज्यांचं जेवणाशी बिनसलंय अशा माणसांचं ते सेंटर आहे. कुणाला घास गिळवत नाही, कुणाला थांबता येत नाही. काहीजण दोन-चार महिने तिथेच राहतात. डॉक्टर येऊन जातात. डाएटच्या मॅडम आणि सिस्टर रोज असतात. मला सगळे आजोबा म्हणतात.

बाहेरच्यांना मात्र हे पटत नाही. पहिल्याच आठवड्यात रिक्षावाल्याने विचारलं, "चाचा, उस बंगले में चलता क्या है?"

मी म्हणालो, "जेवायला शिकवतात."

त्याने मानकोली नाक्यापर्यंत रिक्षा दामटली. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "चाचा, नहीं बताना है तो मत बताओ!"

* * *

पहिल्या दिवशी मॅडमनी ओट्यावर वजनकाटा ठेवला. "आजोबा, भात मोजून वाढायचा हं."

मला लागलं ते. हजार पानांचा भात मी नजरेने लावलाय. मला वाटलं, यांना वाटतंय म्हातारा तांदूळ घरी नेतो. बोलायला मला वेळ लागतो. पण रोज संध्याकाळी गेटवर थांबून वॉचमनला पिशवी उघडून दाखवायला लागलो.

पाचव्या दिवशी तो वैतागला. "बाबा, रोज पिशवीतला रिकामा डबा काय दाखवता? एखाद दिवस काहीतरी घेऊन तरी जा!"

पुढे कळलं, काटा माझ्यासाठी नव्हताच. ताटात कालच्यापेक्षा गुपचूप जास्त काही आलेलं नाही, हे जेवणाऱ्याला डोळ्यांनी दिसावं म्हणून होता.

* * *

टेबलाचे नियम मॅडमनी मला दोनदा समजावले. "बारीक झालीस", "अंग धरलंस" असलं काही बोलायचं नाही. जेवताना सगळ्यांचे दोन्ही हात टेबलावर, वर दिसतील असे. आणि आग्रह करायचा नाही!

हा शेवटचा नियम ऐकून मला घाम फुटला. आमच्याकडे शपथ घातल्याशिवाय पंगत उठत नाही. पहिल्याच दुपारी जीभ घसरली. खारबावचे एक शाळामास्तर होते, सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांना थांबता येत नाही, म्हणून ते आलेले. मी नेमकं त्यांनाच म्हणालो, "सर, अजून एक चपाती. माझ्यासाठी!"

सरांचा चेहरा उतरला. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, तुमच्यासाठी असेल तर तुम्हीच खा!"

"मी घरी जेवतो," मी म्हणालो.

टेबलावरच्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. का वळल्या, ते तेव्हा कळलं नाही.

* * *

हे सर रोज चार वाजता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत, बोलायचे नाहीत. दारासमोरच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा. मला संशय आला. सिस्टरना सांगण्याआधी पुरावा हवा, म्हणून मी डब्याच्या झाकणावर पिठाची बारीक भुकटी पसरली.

संध्याकाळी बघतो तर बोटांचे ठसे! इकडे एक, तिकडे एक, चांगले चार-पाच वेळा डबा उघडलेला. मी डबा घेऊन सिस्टरकडे गेलो. त्यांनी ठसे नीट बघितले. मग माझा उजवा हात धरून उलटा केला. माझ्या मधल्या बोटाचं टोक एका हळदीच्या स्वयंपाकात विळीवर गेलंय.

"आजोबा, हा ठसा पण अर्धाच आहे!"

बिस्किटं कमी झाली का ते बघायला दिवसभर डबा मीच उघडत होतो.

सर दारात का यायचे, ते मग त्यांनीच सांगितलं. "त्या डब्यासमोर पाच मिनिटं उभं राहून परत जायचं. तेवढंच होमवर्क आहे मला."

मास्तरांना होमवर्क!

* * *

खरी संशयी मात्र हर्षाली. कॉलेजातली पोर, जवळच्याच गावची. तिच्या बापाच्या शेतावर आता गोडाऊन उभी आहेत. घरात काही कमी नाही, पण वरणात तेलाचा एक डोळा दिसला तरी पोर ताट सरकवायची.

एका रविवारी तिची आई भेटायला आली, ती सरळ मागच्या दाराने स्वयंपाकघरात. पदराखालून तुपाची डबी काढली. तोंडाला दोरा बांधलेला.

"दादा, येवढं तूप तिच्या वरनात सोडा ना. तिला कलनार बी न्हाय."

खरं सांगतो, माझाही हात पुढे झाला. पोरीचे खांदे बघवत नव्हते. डबी घेतली आणि फळीवर ठेवली. मान वर केली तर दारात हर्षाली!

दुपारी तिने चमचा उचललाच नाही. "आजोबा, वरणात काय आहे?"

"डाळ, हळद, मीठ. आणि तुझ्यासमोर मोजलेलं फोडणीचं तेल."

"आणि आईची डबी?"

मी आत जाऊन डबी आणली, तिच्यापुढे ठेवली. तिने दोरा बघितला, गाठ बघितली, उलटी करून बूड बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही खोटं नाही ना बोलत कधी?"

"न्हाय बाय," मी म्हणालो.

ती जेवली. पुरा अर्धा तास लागला, पण जेवली. डबी मी तिच्या आईला परत दिली, तर ती फणकारली, "आचारी हाय का पोलीस?"

* * *

आता बोक्याचं सांगतो. मी लागलो तेव्हा तो मागच्या दारापाशी पडलेला असायचा, नुसता सांगाडा. तीन महिन्यांत त्याची मान दिसेनाशी झाली. चालही बदलली. सगळे त्याला शेठ म्हणायला लागले.

सिस्टर म्हणाल्या, "या बंगल्यात एकाचंच अंग भरतंय, आणि तो पेशंट नाही!"

टेबलावर हसू झालं, पण संशय सुरू झाला. कुणाच्या ताटातलं जातंय त्याच्या पोटात? मागच्या खिडकीजवळची खुर्ची हर्षालीची. तिचं वजनही आठवडाभर जिथल्या तिथे होतं. "मी त्याला काही देत नाही," ती म्हणाली. तिला कुणी ओरडलं नाही. पण तिची खुर्ची खिडकीपासून हलवली.

तिच्या भावाची हळद पुढच्या आठवड्यात होती. दोन दिवस घरी जायचं ठरलेलं. मॅडम म्हणाल्या, "जरा थांबू. बघू आणि ठरवू."

हर्षाली हळदीसाठी रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "मी खरं बोलले तरी कुणाला खरं वाटत नाही."

मी तेव्हा आत पातेलं घासत होतो. ते पातेलं मी फार वेळ घासलं.

कारण माझी सून रोज माझ्याबरोबर डबा देते. भाकरी, सुकट, एखादी भाजी. संध्याकाळी डबा रिकामा बघून तिला बरं वाटतं. "बाबा, अंगावर कसं दिसत न्हाय वो तुमच्या?" एवढंच विचारते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या पायरीवर बसलो होतो. शेठ समोर. मागून आवाज आला.

"आजोबा, डबा दाखवा."

लपवायला जागा नव्हती. भाकरीचा तुकडा माझ्या हातात, दुसरा शेठच्या तोंडात.

हर्षाली माझ्या शेजारी पायरीवर बसली. रागावेल असं वाटलं, पण ती हळू बोलली, माझ्यासारखी. "मला पहिल्या दिवसापासून संशय होता. तुम्हाला जेवताना कधी पाहिलंच नाही. पण मी नाही सांगणार. माझं कोण ऐकतंय? तुम्हीच सांगा."

* * *

मी मॅडमच्या खोलीत गेलो. सगळं सांगायला पाऊण तास लागला असेल.

मॅडम हसल्या नाहीत. "कधीपासून, आजोबा?"

"बायको गेली तेव्हापासून."

"भूक नाही लागत?"

"स्वयंपाकाच्या वासानेच पोट भरतं."

"आणखी?"

"ॲसिडिटी पण आहे."

"घरी काय सांगता?"

"सेंटरवर जेवलो म्हणून."

"आणि इथे?"

"घरी जेवतो म्हणून."

मॅडमनी ड्रॉवरमधून एक कागद काढून मला वाचून दाखवला. नव्या स्टाफला देतात तो. पेशंट न जेवण्याची कोणकोणती कारणं सांगतात, त्याची यादी. माझी सगळी कारणं त्यात होती. आणि त्याच क्रमाने!

मग त्या उठल्या आणि हर्षालीकडे गेल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हर्षाली, तू खरं बोलत होतीस. आमचं चुकलं. तू हळदीला जा."

हर्षाली म्हणाली, "जाते. पण आधी आजोबा जेवायला बसू देत."

* * *

दुसऱ्या दिवशी टेबलाला एक खुर्ची जास्त लागली. माझा भात मॅडमनी त्याच काट्यावर मोजला. एका बाजूला सर, एका बाजूला सिस्टर, समोर हर्षाली.

पहिला घास मी कितीतरी वेळ चावत बसलो. कुणी "घ्या" म्हणालं नाही, कुणी शपथ घातली नाही. आग्रहाशिवाय जेवणं किती अवघड असतं, हे चाळीस वर्षं वाढून मला माहीत नव्हतं. हर्षालीने माझ्याकडे न बघता एक घास घेतला. मग मी एक घेतला. तिने एक, मी एक. असं करत भात संपला. उरली अर्धी भाकरी.

तेवढ्यात टेबलाखाली माझ्या पायाला काहीतरी मऊ घासलं.

देवाशपथ सांगतो, माझा हात खाली कधी गेला ते मला कळलं नाही.

"आजोबा!" सर, सिस्टर आणि हर्षाली, तिघं एका दमात ओरडले. "हात टेबलावर!"