पेशींना जेवू घालणाऱ्या रूपनवर मॅडम

दिवाळीच्या पाडव्याला सगळी बारामती नवे कपडे घालून फिरत असायची, तेव्हा रूपनवर मॅडम कॉलेजच्या मागच्या दारानं प्रयोगशाळेत यायच्या. वॉचमनच्या हातावर दोन करंज्या ठेवायच्या, कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि इन्क्युबेटरचं दार उघडून आतल्या काचेच्या बशांना म्हणायच्या, "उठा गं बायांनो, जेवायची वेळ झाली."

त्या बशांमध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढत असत. दर दोन दिवसांनी त्यांच्यावरचं जुनं द्रावण काढून नवं घालावं लागतं. आम्ही त्याला मीडिया बदलणं म्हणायचो, मॅडम जेवू घालणं म्हणायच्या. सणावाराला तरी एखादा दिवस टाळावा, असं त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या मी एकदा सुचवलं तर म्हणाल्या, "त्यांना कॅलेंडर कळत नाही गं. भूक कळते."

मॅडम सुप्याकडच्या. त्यांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले, पुढं कळप विकून शेतीला लागलेले. मॅडम आठ वर्षांच्या असताना एका मेंढीला लांडग्यानं फाडलं होतं. वडिलांनी दाभण आणि दोऱ्यानं तिची पाठ शिवली. "मी रोज शाळेआधी जाऊन ती जखम बघायचे," मॅडम सांगायच्या. "दोन्ही कडा एकमेकींकडं सरकत यायच्या. त्यांना कोण सांगतं सरका म्हणून? वडलांना विचारलं तर म्हणाले, ते मला कळत असतं तर मी मेंढरामागं कशाला फिरलो असतो?" तो प्रश्न घेऊनच त्या डॉक्टरेटपर्यंत गेल्या. जखमेभोवतालच्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात, सरका म्हणतात, वाढा म्हणतात आणि शेजारीण भेटली की थांबा म्हणतात, हे शिकवताना त्यांचा चेहरा उजळायचा. "थांबायचं कधी हे पेशीला कळतं," त्या म्हणायच्या, "आपल्याला तेवढं शिकायचंय."

मला ते कळायला फार उशीर झाला.

आमच्या विज्ञान प्रदर्शनात एका स्थानिक वार्ताहराशी मी उत्साहानं बोलले. दोन दिवसांनी बातमी आली : 'बारामतीत बनतेय माणसाची त्वचा, भाजलेल्यांना लवकरच नवजीवन'. मी ते कात्रण मिरवत मॅडमपुढं ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "लवकरच म्हणजे कधी गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

पुढच्याच आठवड्यात इंदापूर तालुक्यातून, नरसिंहपूरच्या बाजूचा एक माणूस तेच कात्रण हातात धरून दारात उभा राहिला. अंकुश त्याचं नाव. पेरूची बाग होती त्याची. नऊ वर्षांची त्याची मुलगी राणी शेजारच्या गुऱ्हाळावर रस प्यायला गेली होती. पाय घसरला आणि उकळता रस तिच्या अंगावर आला. बारामतीतल्याच एका रुग्णालयात तिला ठेवलं होतं.

"हितं कातडं बनवत्यात म्हणं?" त्यानं विचारलं.

मॅडमनी त्याला बसवलं, पाणी दिलं. वर्गात प्रमाण मराठी बोलणाऱ्या मॅडमच्या तोंडी अशा वेळी घरची बोली यायची.

"दादा, हितं कातडं वाढतंय, पर ते बशीतच. माणसाच्या अंगाला लावायची परवानगी न्हाय आमाला. कधी लावून बघितलंबी न्हाय."

"पेपरात आलंय की."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "पेपरात आमचं चुकलं," त्या म्हणाल्या. त्यांनी 'आमचं' म्हटलं, तेव्हा मला तिथं उभं राहवेना.

अंकुशनं सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. "मग माझं घ्या. पाठीवरचं सगळं काढा."

"दुसऱ्याचं कातडं अंग ठिवून घेत न्हाय दादा. दोन-तीन आठवडं झाकण म्हणून चालतं, मग अंगच ते टाकून देतं. पर तेवढ्या दिसांत जीव सावरतो. चला, डॉक्टरांना इचारू."

त्या लगेच त्याच्याबरोबर निघाल्या. अंकुशला साखरेचा त्रास होता, त्याची त्वचा घ्यायला डॉक्टरांनी नकार दिला. त्वचापेढीत चौकशी केली, तर तिथं त्या आठवड्यात त्वचा शिल्लक नव्हती. राणीच्या मांडीवरची काढून लावायची तर भाजलेला भाग मोठा आणि पोर लहान, तरी जेवढी निघाली तेवढी डॉक्टरांनी लावली. त्या शस्त्रक्रियेत उरलेला नखाएवढा तुकडा डॉक्टरांनी आम्हाला दिला. अंकुशची सही घेण्याआधी मॅडमनी त्याला तीनदा सांगितलं, की हे तिच्या अंगावर लागेल असं धरून चालू नका. तिच्या पेशी वाढवून तिलाच लावण्याची खास परवानगी मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केले, फोन केले, पुण्याला दोन खेपा घातल्या. मला म्हणाल्या, "कागद येईल न येईल. आपल्या बाजूनं उशीर नको."

त्या पेशी इतक्या छान वाढल्या! सहा वर्षांत मी तशा पाहिल्या नव्हत्या. पण पुरेशी त्वचा तयार व्हायला तीन आठवडे लागतात. राणी तेरा दिवस जगली.

मॅडम रोज सकाळी तिच्याजवळ जाऊन बसायच्या. तिथून परत आल्या की हात धुवायच्या. चौदाव्या दिवशी त्या आल्या, हात धुतले आणि नळ बंद करायचं विसरून तशाच उभ्या राहिल्या. नळ मी बंद केला.

तिच्या पेशींचं काय करायचं, हे मला विचारवत नव्हतं. मॅडमनी अंकुशला कळवलं होतं. पाचव्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. मॅडमनी बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. अंकुशनं डोळा लावला आणि बराच वेळ तो उठलाच नाही.

"ही तिचीच?"

"व्हय."

"जित्ती हायत अजून?"

"व्हय दादा."

"तिला... ह्यांना दुखत आसंल का?"

"न्हाय. पेशीला दुखणं कळत न्हाय."

राणीच्या आईनं आत डोकावायला नकार दिला. ती इन्क्युबेटरपाशी गेली. त्यात माणसाच्या अंगाएवढंच तापमान असतं, सदतीस अंश. तिनं आतल्या काचेच्या दारावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "गरम हाय की." मग हात काढून घेत ती बोलली, "आता वाढवू नका बाई. कुणासाठी वाढवायचं? पर आमी फाटकाभाईर जाईस्तवर थांबा."

मॅडमनी खिडकीतून ती दोघं जाताना पाहिली. मग मला खोलीबाहेर थांबवून त्यांनी एकटीनं ते काम केलं. त्या बाहेर आल्यावर मी रडत म्हणाले, "मॅडम, ती बातमी मी दिली नसती तर..." त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "तू नसती दिलीस तर त्याला दुसरं कुठलं तरी दार सापडलं असतं. आपल्या दारात निदान त्याला खोटं ऐकावं लागलं नाही."

दोन वर्षांनी एका सकाळी वर्ग घेता घेता मॅडम खाली बसल्या. रुग्णालयात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. लग्न केलं नव्हतं. सुप्याहून भाऊ आणि आई आले. राणी गेल्यावर मॅडमनी त्वचादानाचा अर्ज भरला होता, हे मला ठाऊक होतं. सहा तासांत त्वचा काढावी लागते आणि घरच्यांची संमती लागते. भाऊ बोलण्याच्या स्थितीत नव्हता, त्यानं आईकडं हात केला.

मी त्यांच्यापाशी जमिनीवर बसले आणि जेवढं खरं होतं तेवढंच सांगितलं. पाठीची आणि मांड्यांची वरची पातळ साल काढतील. चेहऱ्याला हात लावणार नाहीत.

"कुणाला लावत्याल?"

"कुणी भाजलेलं असेल त्याला, आजी."

"ऱ्हाईल का ते त्याच्या अंगावर?"

"नाही. दोन-तीन आठवडे फक्त. तेवढ्यात तो वाचला तर वाचला."

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. लेकीच्या दंडावरून एकदा वरून खाली हात फिरवला.

"न्हानपणी लई नाजूक हुती. तेल लावताना जरा हात जड पडला की रडायची." त्या माझ्याकडं वळल्या. "न्या. पर त्यास्नी सांग, हळू काढा म्हणावं."