पंच क्रमांक दोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चच्या पाळकांनाही नाही. वार्ताहर म्हणून वीस वर्षं मी दुसऱ्यांचे गुन्हे लिहिले. डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही, हा माझा नियम. तो मी एकदा मोडला — नाही, हेही खरं नाही. मी पाहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये शास्त्रपठणाची पाळी माझी होती. बायबलच्या जुन्या करारातली द्राक्षमळ्याची गोष्ट. राजाला शेजारचा मळा हवा असतो. मालक म्हणतो, वाडवडिलांची जमीन देणार नाही. राणी दोन माणसं खोट्या साक्षीला उभी करते. मालकाला दगडांनी मारतात, राजा मळ्याचा ताबा घेतो. मग देव संदेष्ट्याला पाठवून राजाला जाब विचारतो. देव दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो, हे ऐकायला लोक बसले होते. मी त्या दोन माणसांपाशी आलो, आणि ती वचनं गाळून पुढे गेलो.

पायऱ्यांवर रूथमावशींनी गाठलं. "दोन वचनं गिळलीस की रे! चष्मा बदल आता." मी हसलो. हो म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

नव्वदच्या दशकात मी दिंडोरी भागाच्या बातम्या करायचो. तिथे काशिनाथ नावाच्या शेतकऱ्याची वीस गुंठे जमीन होती आणि तीत एक विहीर. शेजारच्या बागायतदाराला ती विहीर द्राक्षांसाठी हवी होती. काशिनाथ विकत नव्हता. एके दिवशी बागायतदाराने आपली पाण्याची मोटर चोरीला गेल्याची तक्रार दिली आणि पोलिसांनी काशिनाथला उचललं.

दुपारी मी ठाण्यात पोचलो, तेव्हा पोलीस ती मोटर उतरवत होते — बागायतदाराच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. पंचनामा लिहून तयार होता: काशिनाथच्या घरामागच्या कडब्यातून, पंचांसमक्ष जप्त. एका पंचाची सही झाली होती. हवालदार म्हणाला, "गावात दुसरा पंच मिळंना. या साहेब, ठोका सही. पेपरवाल्याला कोर्ट उलटं इचारत नाय."

मी सही केली. कुणी धमकावलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर त्या ठाण्यातून बातम्या मिळणं थांबलं असतं. एवढंच.

पुढे कोर्टात विचारलं, जप्ती तुमच्यासमोर झाली? मी म्हणालो, होय. तेव्हा तरी थांबता आलं असतं ना? काशिनाथला शिक्षा झाली. तो सुटून येईपर्यंत, वकिलाच्या खर्चापायी, जमीन बागायतदाराच्या नावावर चढली होती.

निकालाच्या दिवशी त्याची बायको हिराबाई व्हरांड्यात माझ्यासमोर आली. आवाजात राग नव्हता. खरंच आठवत नसल्यासारखं तिने विचारलं, "भाऊ, तुम्ही कवा आले व्हते आमच्या घरी? मी त दारातच व्हते. आले असते त पाणी दिलं असतं ना."

मी घड्याळ पाहिलं आणि बातमी द्यायला निघालो.

द्राक्षमळ्याचा तो अध्याय मी चर्चमधल्या त्या पठणानंतर अनेकदा वाचला, बातमी तपासावी तसा. राजाची शिक्षा त्यात आहे, राणीची आहे. त्या दोन साक्षीदारांबद्दल पुढे एक शब्द नाही. त्यांना सोडून दिलं, असंही कुठे लिहिलेलं नाही.