काळ्या पाटीवरचा काकडा

देवघरातले निर्माल्य रोज थोडे थोडे साचते. ते कुणी मोजत नाही, आणि एक दिवस पिशवी भरली की ध्यानात येते, आता कुठेतरी पोहोचते करायला हवे. आमच्या भजनी मंडळाच्या किश्श्यांचे तसेच झाले आहे. टाकवत नाहीत, आणि माझ्या वयाला आता ते एकट्याने सांभाळवतही नाहीत. तेव्हा आज ते तुमच्यापुढे सोडतो.

मंडळ लातूरचे. गुंडप्पा आणि मी मात्र आता नांदेडला असतो. मी मुलाकडे आलो, ते लेकीकडे. गुंडप्पा मूळचे उदगीरचे. लातूरच्या विठ्ठलमंदिरात त्यांनी उभी हयात पखवाज वाजवला. मग हातांना कंप सुटला, पखवाज सुटला आणि पाठोपाठ लातूरही सुटले. त्याआधी मंडळाने काकडा आणि शेजारती ध्वनिमुद्रित करून ठेवली होती, एवढी पांडुरंगाची कृपा.

देवळातल्या कपाटात एक लहानसा संगणक आहे. आम्ही त्याला डबा म्हणतो. पहाटे त्या डब्यातून काकडा लागतो, देव उठतो. रात्री शेजारती लागते, देव निजतो. ते लावण्याची सेवा गुंडप्पांची, आणि ती ते नांदेडला बसून आपल्या फोनवरून करतात.

"हात माजे तिथंच वाजून राहिले," ते म्हणतात. "इथं फकस्त बोट हालवायचं."

ही सेवा गेली तर त्यांच्यापाशी काय उरेल, हे मंडळात कुणी बोलून दाखवत नसे. ठाऊक सर्वांना होते.

*

ही सारी सोय माझ्या सुनेने, मेघनाने करून दिली. ती संगणकाचे काम घरूनच करते. तिने आम्हा दोघांच्या फोनवर एक काळी पाटी आणून ठेवली. तिच्यावर ना चित्र, ना बटण. आपण आज्ञा लिहायची आणि लातूरच्या डब्याने ती पाळायची. आज्ञाही तिने आमच्यासाठी मराठीतच ठेवल्या: ‘काकडा’ लिहिले की काकडा, ‘शेजारती’ लिहिले की शेजारती.

"याला टर्मिनल म्हणतात, काका," ती म्हणाली.

"टर्मिनल म्हंजे गाडीचा शेवटचा थांबा न्हाई का?"

"तेही म्हणतात."

"मग आमच्या वयाला नाव बरोबर हाय," गुंडप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन हातात घेतला.

*

फोनच्या पाटीला बाणांच्या कळा नसतात. म्हणून बोटांच्या खुणा शिकाव्या लागल्या. बोट वर सरकवले की आधी दिलेली आज्ञा पुन्हा समोर येते. आणखी वर नेले की तिच्या आधीची. खाली सरकवले की पुन्हा अलीकडची. दोन बोटे फाकवली की अक्षर मोठे होते. दोन बोटे एकदम टेकवली की दुसरीकडून उचललेला मजकूर तिथे उतरतो.

मी म्हणालो, "सूनबाई, जपाला बसण्याआधी बोटांना बोटे लावून करन्यास करतात, तसाच हा प्रकार झाला."

"हो अण्णा. फक्त याला सोवळं लागत नाही."

गुंडप्पांना मात्र लागत होते. जपमाळेला तर्जनी लावायची नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. पाटीवरही ते तर्जनी उंच धरून मधल्या बोटाने खुणा करू लागले. कंप सुटलेल्या हाताला हे आणखीच अवघड.

"काका, फोनला बोटाबोटातला फरक कळत नाही हो," मेघना म्हणाली.

"त्याला न्हाई कळत. मला कळतो की. याच बोटानं आयुष्यभर लोकाच्या चुका दाखवल्या. त्याच बोटानं देवाला उठवू?"

त्या दिवसापासून मेघनाही आज्ञा देताना मधले बोट वापरते. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा. तिथल्या मंडळींना तिने काय सांगितले आहे, ते मी विचारलेले नाही.

*

पखवाज मांडीवर घेण्याआधी त्याला कपाळ टेकवण्याची गुंडप्पांची रीत. पाटी उघडली की ते तिलाही कपाळ टेकवत. कपाळ म्हणजे फोनच्या लेखी एक फार मोठे बोट. नमस्कार होऊन डोके वर येईपर्यंत पाटीवर ललललल असे काहीतरी उमटलेले असे, आणि डबा लातूरहून उत्तर देई की अशी आज्ञा सापडत नाही.

मेघनाने मार्ग काढला. "काका, आधी नमस्कार करा, मग फोन उघडा."

"म्हंजे बंद दारापुढं डोकं टेकू?"

"काकड्याला देवळाचं दार बंदच असतं ना?"

गुंडप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "अण्णा, सून तुमच्या घरात कीर्तनाच्या घराण्यातली आली काय?"

*

आता तो प्रसंग, ज्यामुळे पुढचे सगळे घडले.

गुंडप्पांची रोजची पद्धत अशी. रात्री शेवटची आज्ञा शेजारतीची. म्हणून पहाटे बोट एकदा वर नेले की शेजारती दिसे, पुन्हा वर नेले की काकडा. मग एंटर. एका पहाटे स्नान करून ते पाटीपुढे बसले. काकडा समोर आला. तेवढ्यात ओल्या केसांतून पाण्याचा थेंब पाटीवर पडला. त्यांनी तो बोटाने पुसला, वरून खाली. खाली म्हणजे अलीकडची आज्ञा. काकडा गेला, शेजारती आली, आणि चष्मा अजून देवघरात होता.

लातूरला देवळात भल्या पहाटे शेजारतीचे मंद सूर सुरू झाले. गुरव अर्धवट झोपेत होता. कानांनी जे ऐकले ते हातांनी केले. त्याने समई शांत केली, पडदा ओढला, दाराला कडी लावली आणि घरी जाऊन पुन्हा पांघरूण घेतले. काकड्याला आलेली मंडळी बाहेर ओट्यावर उभी.

बापूसाहेबांचा फोन आला. बापूसाहेब मंडळाचे अध्यक्ष, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. बोलण्यात कचेरी अजून शाबूत.

"गुंडप्पा, तुझ्या हुकमानं आज देव उठायच्या आत झोपला."

"मग हळू बोला की, बापू," गुंडप्पा म्हणाले. "उठंल."

हसण्यावारी गेले असे आम्हाला वाटले. पण कचेरीत मुरलेला माणूस हसून झाल्यावर बंदोबस्त करतो.

*

त्याच आठवड्यात फोनवर मंडळाची बैठक झाली. बापूसाहेब म्हणाले, "मेघना, या डब्याला वेळ लावून ठेवता येते का? रोज ठरल्या वेळी आपोआप वाजेल असं?"

तिला खोटे बोलता येत नाही. "येते," ती म्हणाली.

"मग लाव. खुणा नकोत अन् थेंब नकोत."

चाकूरच्या शांताबाई आमच्या मंडळातल्या जुन्या गायिका. काकड्यात आवाज त्यांचाच आहे. त्या म्हणाल्या, "बापूसाहेब, देवाला गजर लावून उठवायलाव का? त्याला काय ड्युटीवर जायचं हाय?"

"शांताबाई, आरतीला नगारा अन् घंटा विजेवरच वाजतात आपल्याकडं. तेव्हा नाही बोललात."

"बटण दाबाय माणूस असतोय की त्याला."

बापूसाहेब आवाज उतरवून म्हणाले, "मी काय सुखानं बोलून राहिलो? त्याचे हात आता साथ देत नाहीत. उद्या भरल्या देवळात काही झालं, तर हसू त्याचंच होईल."

फोन आमच्या ओसरीवर, मोठ्या आवाजात ठेवलेला होता. गुंडप्पा समोरच बसले होते. त्यांनी दोन्ही हात उपरण्याखाली घेतले.

शेवटी ठरले ते असे. कार्तिकातल्या काकड्याच्या पहिल्या दिवशी सगळे मंडळ देवळात जमते. त्या पहाटे गुंडप्पांनी लावायचे. वेळेवर लागले तर सेवा त्यांची. चुकले तर दुसऱ्या दिवसापासून डब्याला वेळ लावायची.

"कबूल," गुंडप्पा म्हणाले.

*

मधल्या काळात बापूसाहेबांनी ठरवले की ही पाटी आपणही शिकून घ्यावी. ऐन वेळी कुणी हाताशी असावे, हा हेतू. त्यांनी ती आपल्या फोनवर घेतली. आदल्या क्षणी त्यांनी कुणाचा तरी सकाळचा शुभेच्छा संदेश पुढे पाठवायला उचलला होता. पाटी उघडली, कशी दिसते म्हणून दोन बोटे टेकवली, आणि तो सबंध संदेश पाटीवर उतरला.

डबा आज्ञाधारक. त्याने प्रत्येक ओळ आज्ञा समजून वाचली आणि प्रत्येकीचा पहिला शब्द घेऊन इंग्रजीत जबाब दिला. बापूसाहेबांनी घाबरून नांदेडला फोन लावला.

"मेघना, हे बघ काय म्हणतंय. शुभ, सापडत नाही. समाधान, सापडत नाही. मनःशांती, सापडत नाही."

गुंडप्पा शेजारून म्हणाले, "बापू, ते तुमच्या घरचं सांगून राहिलं. डब्याचा काय दोष?"

फोनच्या पलीकडून बापूसाहेबांच्या पत्नी हसलेल्या आम्ही सर्वांनी ऐकल्या.

*

अक्षर मोठे करण्याची खूण गुंडप्पांची सर्वांत आवडती. दोन बोटे ठेवायची आणि फाकवायची. कंपाचा तिथे अडसर होत नाही. एकदा ते फाकवत गेले ते गेलेच. ‘शेजारती’ हा शब्द एका ओळीत मावेना. ‘शेजा’ वर राहिला, ‘रती’ खाली गेला.

मी म्हणालो, "गुंडप्पा, शब्द मोडला."

"मोडला न्हाई, अण्णा. निजायला आडवा झालाय."

*

कार्तिकातली ती पहाट.

मेघना, मी आणि गुंडप्पा आमच्या ओसरीवर. दुसऱ्या फोनवर लातूरचे देऊळ जोडलेले. मंडळींचे खाकरणे, टाळांची किणकिण, शांताबाईंचा आवाज, सगळे ऐकू येत होते. बापूसाहेब म्हणाले, "गुंडप्पा, कापूर लावून राहिलाय गुरव. लाव आता."

गुंडप्पांनी बंद फोनला कपाळ टेकवले. मग पाटी उघडली. मधले बोट वर सरकवले. पाटी कोरी. पुन्हा सरकवले. कोरीच.

मेघनाच्या तोंडून "अरे देवा" निघाले. कार्तिकासाठी म्हणून मंडळाने आदल्याच रात्री, शेजारती झाल्यावर, जुना डबा काढून नवा बसवला होता. ध्वनिमुद्रणे आणि आज्ञांचे शब्द मेघनाने त्यात उतरवले होते, पण आधी कुठल्या आज्ञा दिल्या होत्या याची आठवण नव्या डब्याला नव्हती. बोट वर नेऊन मागचे काही मिळणार नव्हते. आता शब्द लिहायलाच हवा होता.

गुंडप्पांनी लिहायला घेतले. एक क टेकवायला गेले की दोन उमटत. काना द्यायला गेले की बोट पलीकडच्या अक्षरावर. ते पुसत, पुन्हा लिहीत. कककाडड. पुसले.

"गुंडप्पा?" लातूरहून बापूसाहेब.

"काका, द्या, मी लिहिते," मेघना हळूच म्हणाली.

"थांब, बाई."

"काका, वेळ होतोय."

"दोघं मिळून शब्द लिहिला तर सेवा कुणाची म्हणायची? थांब."

त्यांनी डावा हात उजव्या मनगटाखाली धरला. श्वास घेतला. क उमटला. काना उमटला. ‘का’ एवढेच. पुढच्या अक्षराकडे जाताना हात सुटला आणि बोट भलतीकडेच, पाटीच्या मोकळ्या काळ्या भागावर पडले. पडले ते थरथरत, टिक्-टिक्.

आणि ‘का’पुढे ‘कडा’ आला.

मी मेघनाकडे पाहिले. ती पाटीकडे पाहत होती. मग माझ्या कानाशी म्हणाली, "अण्णा, पाटीवर लागोपाठ दोनदा टिचकी दिली की अर्धा शब्द यंत्र पुरा करतं. ती खूण मी तुम्हाला शिकवलीच नव्हती. इतक्या झटकन दोन टिचक्या तुम्हाला जमणार नाहीत असं वाटलं मला."

गुंडप्पांनी एंटरवर बोट टेकवले. तेही दोनदा लागले असेल. दुसऱ्याने काही बिघडत नाही.

लातूरच्या देवळात पखवाजावर पहिली थाप पडली. तीच थाप, कंपाआधीची, भरदार. मागून शांताबाईंचा स्वर उठला, आणि देवळात जमलेले सगळे टाळ त्यात मिसळले. ओसरीवर आम्ही तिघे बसून राहिलो. गुंडप्पांचे दोन्ही हात मांडीवर उघडे होते आणि हलत होते. या वेळी त्यांनी ते उपरण्याखाली घेतले नाहीत.

काकडा संपल्यावर बापूसाहेब फोनवर आले.

"मेघना, तू लावलंस ना?"

"न्हाई बापू," गुंडप्पा म्हणाले. "म्या लावलं."

बापूसाहेब म्हणाले, "अरे पण हात तर फार थरथरतो म्हणे तुझा."

"थरथरला म्हणून तर लागलं."