कलिंगडाची कांडी

कलिंगडाच्या रसाचा पेला खिडकीतल्या उन्हात धरला की आत दिवा लावल्यासारखा उजळतो. त्या दुपारी तो पेला माझ्या बाबांच्या हातात होता आणि ते त्याच्याकडे बघतच राहिले होते.

टॉन्सिलचं ऑपरेशन होऊन माझी धाकटी लेक मुक्ता घरी आली होती. दुखेल या भीतीनं तिनं तोंडच मिटून घेतलं होतं. बोलणं नाही, खाणं नाही. डॉक्टर म्हणाले, "गार द्या, बिनधास्त." लहानपणी मला बर्फाला हातही लावू न देणारे बाबा हे ऐकून स्वतः कलिंगड घेऊन आले. आम्ही बिया काढल्या, रस गाळला, पेले फ्रीजरमध्ये ठेवले आणि रस अर्धवट गोठल्यावर त्यात काड्या उभ्या केल्या. त्यानंतर बाबांना धीर धरवेना.

"बाबा, सारखं दार उघडलंत तर गोठणार कसं?"

"अगं, नुसतं बघतोय!"

वाट बघण्यात एवढी मजा असते, हे मी विसरूनच गेले होते. विकतची कांडी हातात येते आणि संपते. हिची मजा मात्र ती गोठायच्या आधीच घरभर पसरली होती. मुक्ताही फ्रीजपाशी येऊन उभी राहिली.

पेला पाण्यात बुडवून बाबांनी कांडी ओढली. लालभडक! मुक्तानं जीभ लावली, डोळे मिटले, पुन्हा लावली.

"मला देतेस थोडी?" बाबांनी विचारलं.

तिनं कांडी पाठीमागे लपवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुमची वेगळी घ्या ना, आजोबा!"

"बोलली! अगं, बोलली!" असं ओरडत बाबा आपली कांडी काढायला धावले.