अनुमोदक पाहिजे

मी ग्रामसेवक होतो तेव्हाची गोष्ट. शिरूर तालुक्यातल्या त्या गावात ग्रामसभेला इतकी सामसूम असे, की एकदा भिंतीवरची पाल चुकचुकली आणि मी तिलाच अनुमोदक म्हणून लिहून घेणार होतो. मतदार यादीत नाव नव्हतं म्हणून वाचली.

लोक वाईट नव्हते, हुशार होते. शंभर माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला संख्येची अट नसते. हा नियम गावाला तोंडपाठ. पहिल्या सभेला कुणी येत नसे, कारण ती तहकूबच व्हायची. दुसरीला येत नसे, कारण तिला माणसं लागतच नाहीत. अर्धं गाव कारेगावच्या कंपन्यांत, उरलेलं उसात. माझी बायकोमुलं दौंडला. आठवडाभरात माझ्याशी सर्वांत जास्त बोलायचा तो चहावाला. तेही, "साखर कमी का?" एवढंच.

सभेला येणारी एकच. ओढ्यापलीकडे एकटी राहणारी आजी. तिला दारासमोर दिव्याचा खांब हवा होता, आणि सलग तीन सभा ती तेच मागत होती. ठरावाला सूचक लागतो, तो ती स्वतः. दुजोरा द्यायला अनुमोदक लागतो, तो आणायचा कुठून? सरपंच आप्पा अध्यक्ष, म्हणून ते मधे पडत नसत. खुर्चीत डुलक्या काढत.

"भाऊसाहेब, तुमीच करा की," आजी म्हणाली.

"मला चालत नाही, आजी. मी ह्या गावचा मतदार नाही."

"चार वर्सं हितलं पानी पिताय आन् मतदार न्हाई? मंग हाय तरी कुठले तुमी?"

यादीत मी दौंडचा, आणि दौंडचे शेजारी मला पाहुणा समजायचे.

आप्पांनी एक डोळा उघडला. "म्हातारे, एवढा उजेड कशाला पायजे तुला?"

"उजेड काय चुलीत घालायचाय? खांबाखाली मानसं बसत्यात गप्पा हानत. तेवढीच माज्या दारात येतील."

मी उठलो तो थेट गिरणीत. पट्टा चालू असताना गिरणीवाल्या चाचांना आभाळ कोसळलं तरी ऐकू गेलं नसतं. हाताला धरून ओढतच आणलं.

"हात कशापायी वर करायचा?" चाचांनी विचारलं.

"आजीच्या खांबाला."

"मंग दोन्ही करतो की!"

त्यांच्या अंगावरून पिठाचा असा ढग उठला, की आप्पा सतरा वेळा शिंकले. ठराव सर्वानुमते मंजूर.

चाचा दळणाकडे पळाले, आप्पा घरी गेले. मी इतिवृत्तात लिहिलं, सभा खेळीमेळीत पार पडली. उपस्थित तीन. ग्रामसेवक सभेचा सचिव, त्याला त्यात धरत नाहीत.

आजी दारात रेंगाळली. "भाऊसाहेब, खांब आला म्हंजी तुमी बसाल का यून?"

"रोज बसेन," मी म्हणालो.

खांब यायच्या आधी माझी बदली झाली. दौंड तालुक्यातल्या राहू गावाला, घराजवळ. थापा मी जन्मभर मारल्या, पण ही मारताना ती थाप आहे हे मला ठाऊक नव्हतं.