दोन पोरं, एक बापूस आणि घोडबंदर

मुलांना घेऊन घोडबंदरला जावं हे माझ्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. ती परीक्षा होती आणि घेणारी होती माझी बायको.

मी इथं पंजाबात धरणाच्या कामावर खलाशी आहे, हे तुम्हां मंडळींना माहीत आहेच. पण आपल्या मंडळाचा हा अंक घरी पाठवणार असाल तर तिकडच्यांसाठी सांगतो: खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. जड यंत्रं दोर आणि कप्प्या लावून वर चढवायची, खाली उतरवायची, ते आमचं काम. माझं घर ठाण्याला, कोपरीत. यंदा फाल्गुनात रजेवर गेलेलो तो एकच विचार धरून, की हिराला आणि दोन्ही पोरांना इकडं आणायचं. क्वार्टर मिळतंय, शाळा आहे, नळाला पाणी आहे.

हिरा तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "तिकडं मी तापानं पडली, तर पोरांना कोन बगंल?"

"मी आहे ना."

"तुमी?" ती हसली. चुलीपाशी माझी आई बसलेली, तीपण हसली. "बरं, सांगा, पांडू काय खात नाय?"

मला सांगता येईना. पांडू सहा वर्षांचा, मंजू साडेतीनची, आणि दोघांच्या मिळून जितक्या रजा मी घरी काढल्या त्या एका हाताच्या बोटांवर मावतील. मंजू तर मला 'पंजाबचा बापूस' म्हणते. जसा काही अजून एक बापूस दुसऱ्या गावात ठेवलाय.

"एक दिस दोघांना घेऊन कुठंपन जा," हिरा म्हणाली. "मी नाय येनार, आय नाय येनार. पोरां भुकेली नकोत, ओली नकोत, आनि दिवा लागाच्या आत घरान पायजेत. मग बोलू पंजाबचं."

एवढंच ना? बाराशे मणाचं यंत्र मी डोंगरावर चढवतो. दोन पोरं म्हणजे काय!

सकाळी स्टेशनापलीकडून घोडबंदरची एस.टी. पकडली. ज्यांना जायचंय त्यांनी पहिली गाडी गाठावी. दुसऱ्या गाडीला भाजीवाल्यांच्या रिकाम्या टोपल्या असतात आणि बसायला टोपलीच मिळते. मोठ्या माणसाला आठ आणे, मुलाला अर्धं, मांडीवरच्याला काही नाही. मंजू मांडीवर बसायला तयार नव्हती, पण चार आण्यांसाठी मी तिला समजावलं.

कंडक्टरनं आमच्याकडं बघून विचारलं, "ह्यांची आई?"

"घरी."

"भांडलात?"

"नाही हो. मुलांना फिरवायला नेतोय."

"एकटे?" त्यानं तिकीट फाडता फाडता मला नीट न्याहाळलं. "मग पोरीला खिडकीपाशी घ्या. आणि तुमचा सदरा सांभाळा."

माजिवड्याच्या पुढं रस्ता सुरेख होतो. डाव्या हाताला येऊरचे डोंगर, दाट झाडी, पळस फुललेले. बसताना मात्र उजवीकडं बसा, कारण गायमुखाला वळण घेतलं की एकदम खाडी येते, अगदी रस्त्याच्या पायाशी. ओहोटी लागलेली, चिखलावर बगळे. पांडूनं बगळे मोजायला घेतले आणि मंजूनं त्याला चुकवायला मधेमधे भलतेच आकडे सांगायला घेतले. गाडीतल्या एका म्हातारीनं तिला बोरं दिली. सदरा शाबूत राहिला.

घोडबंदरचा किल्ला म्हणजे काही फार उंच चढण नाही. लहान मूल चालत चढतं, शेवटी शेवटी खांद्यावर घ्यावं लागतं. वर जुनी दगडी भिंत, तुटलेले बुरूज, आणि समोर खाडी अशी पसरलेली की कोपरीच्या खाडीची ही थोरली बहीण वाटावी.

"हा कुनाचा किल्ला?" पांडूनं विचारलं.

"आधी फिरंग्यांचा. मग मराठ्यांचा. मग इंग्रजांचा."

"आता?"

"आता आपला."

"मग दार कुठंय? कुनीपन येईल ना."

मी गाठोडं सोडलं. म्हटलं, जेवूया. हिरानं तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि उकडलेली अंडी दिलेली. पांडूनं अंड्याचं पांढरं खाल्लं आणि पिवळा बलक गुपचूप बहिणीच्या हातात दिला. तिनं तो गुपचूप खाल्ला. दोघांचा जुना व्यवहार असावा. मी मनात नोंद केली: पांडू काय खात नाही? बलक. एक उत्तर मिळालं.

खाली बंदरावर ताडगोळे मिळाले, हंगामातले पहिले. सोलून देता देता माझी बोटं सुजली. बंदराला एक मचवा लागलेला, वसईहून केळी घेऊन कोलशेतला चाललेला. तो हाकणारे तांडेल निघाले गोमातात्या, माझ्या वडिलांच्या ओळखीचे.

"अरे, तू मिठागरवाल्या धर्माचा पोरगा ना? पंजाबान होतास म्हनं. पोरं तुझी?"

"हो, माझीच."

"मग एस.टी.न कशाला जातंस? पानी भराला लागलं की सुटतंव. भरतीबरोबर कोलशेत. तिथना बैलगाडी हाय केल्यांची, ठान्याला सोडंल."

पांडू तर नाचायलाच लागला. मलाही मोह झाला, खोटं कशाला सांगू? खाडीकाठी जन्मलो आणि पाच वर्षं डोंगरात दोर ओढतोय. मी हो म्हटलं.

मुलांना होडीनं नेणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा. बंदरावर चढउताराला एक दगडी उतार आहे. मंजूला मी त्या उतारावर उभं केलं, म्हटलं, "इथंच उभी राहा. मी दादाला चढवून येतो. हलू नको." पांडूला उचलून फळीवरून मचव्यात ठेवला. मग गाठोडं दिलं. मग तात्यांनी विचारलं पंजाबात धरण किती उंच, तर मी हात पसरून सांगायला लागलो. धरणाचं कुणी विचारलं की मला थांबता येत नाही.

तात्याच म्हणाले, "पोर तुझी भिजते रं."

मागं बघितलं. ज्या दगडावर मंजू होती तो दगड दिसत नव्हता. पाणी तिच्या गुडघ्यांच्या वर आलेलं, आणि ही बाई दोन्ही हात बाजूला धरून खांबासारखी उभी. शेजारच्या होडीवरचा एक खलाशी तिला हात देत होता तर मान हलवून नको म्हणत होती. मला बघून तिला इतका आनंद झाला की तिनं टाळी वाजवली, पाय सरकला, आणि ती पाण्यात बसली. सगळी. फक्त डोकं वर.

मी फळीवरून उडी मारली.   उचलली तर ती रडेना, हसेना, नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मचवा सुटला. मी मंजूला पंच्यात गुंडाळून केळ्यांच्या घडांमधे बसवली आणि तिचा झगा शिडाच्या दोरीला बांधला. लाल झगा फडफडायला लागला तसे पलीकडच्या होडीवाले ओरडून विचारायला लागले, "गोमा, कंचं निशान लावलंस रं?"

"पंजाबचं!" तात्या ओरडले.

भरतीबरोबर जाणारा मचवा म्हणजे सुख आहे. ना हादरा, ना धूळ. दोन्ही बाजूंना तिवरांची हिरवी रांग, वर डोंगर, आणि वारा. तात्यांनी पोरांना केळी दिली, पैसे घेतले नाहीत. वाऱ्यानं मंजूची वेणी सुटून केस तोंडात जायला लागले. मला वेणी कुठं येते? पण तीन पेडांचा दोर वळता येतो. तोच वळला, आणि खाली आमची कामावरची गाठ मारली.

"घट्ट झाली," मंजू म्हणाली. मचव्यावर चढल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली.

तोवर झगा वाळलेला. मी तो तिच्या अंगात चढवला, झटकून बघितला. कोरडा ठणठणीत. माझ्या मनात आलं, हिराला सांगायची गरज काय? पांडूला म्हटलं, "आयला पाण्याचं नको बोलूस." त्यानं तीन केळी मागितली. मी दिली.

कोलशेतहून बैलगाडी, मग स्टेशन ओलांडून पायी. कोपरीत शिरलो तेव्हा आई तुळशीपाशी उभी, हातात काडेपेटी, काडी ओढायची बाकी. जिंकलो!

"भुकेली नाहीत," मी म्हटलं. "दिवा लागायच्या आत आणली. आणि कोरडी. हात लावून बघ."

हिरानं झग्याला हात लावला. मग घेर उचलून उजेडाकडं धरला. कापड ताठ झालेलं, आणि किनारीवर पांढरट रेघ. तिनं ती किनार जिभेला लावली.

"मी मिठागरवाल्याची पोर, मिठागरवाल्याची सून," ती म्हणाली. "मना खाडीचं पानी फसवंल?"

मी पांडूकडं बघितलं. "मी नाय बोललो!" पांडू ओरडला.

"काय नाय बोलला?" हिरानं विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सगळं सांगितलं, दगड, पाणी, धरणाची गोष्ट, सगळं. आईनं दिव्यासाठी ओढलेली काडी हातातच विझून गेली. हिराचा चेहरा उतरला. पंजाब संपलं, मी समजलो.

तेवढ्यात मंजू माझ्या पायाला धरून पुढं आली. "बापूस बोलला हलू नको," ती हिराला म्हणाली, चढ्या आवाजात. "मी नाय हलली. पानी हललं."

आधी माझ्या आईला हसू फुटलं. हिरा हसली नाही. तिनं पोरीला जवळ ओढून वेणी सोडायला घेतली, केस धुवायला. गाठ सुटेना. दातानं ओढली, तरी सुटेना.

"ही कसली गाठ?"

"यंत्राची."

"सोडवा मग."

मी बसलो, सोडवली. मंजू मधेच माझ्या मांडीवर झोपून गेली आणि हिरा दारात उभी राहून बघत होती. गाठ सुटल्यावर म्हणाली, "पांडू काय खात नाय?"

"बलक. मंजूला देतो."

"मना कारल्याचं ठाव होतं. बलकाचं मनापन नवतं," ती म्हणाली. मग मंजूला उचलून घेता घेता, "उद्या मना न्या. पोरां आयकडं राहतील."

"कुठं?"

"किल्ल्यावर. मी कवा बगलाय?"

खाडीकाठी तिचा सगळा जन्म गेला, आणि घोडबंदर तिनं बघितलं नव्हतं. मला कधी विचारायचंसुद्धा सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली गाडी. कंडक्टर तोच. आम्हां दोघांना बघून म्हणाला, "मिटलं वाटतं?" हिरा पदर तोंडाला लावून हसली, आणि खिडकी तिनं घेतली.

वर चढल्यावर ती थेट तुटक्या भिंतीपाशी गेली. पश्चिमेला लांब रेल्वेचा पूल, त्यावरून एक गाडी चाललेली, मुंगळ्यांच्या रांगेएवढी.

"ती कुठं चालली?"

"वर. दिल्लीकडं. माझी गाडी त्याच पुलावरून जाते."

तिनं गाडी डोंगराआड जाईपर्यंत बघितली. "तुमी त्या खिडकीतून किल्ला बगता?"

"दर वेळी बघतो. खाडी संपेस्तवर."

"आनि तुमचं पंजाब हितना दिसत नाय."

"छे. दोन रात्रींचा प्रवास आहे."

वाऱ्यानं उडणारा पदर तिनं कमरेला खोचला, कामाला लागताना खोचते तसा. "मिठाचं काम मिरगाच्या आधी उरकंल," ती म्हणाली. "मग जाऊनच बगाय लागंल."

आज हे लिहितोय ते त्याच क्वार्टरात. रंगाचा वास अजून गेलेला नाही. दोन खिडक्या आहेत, एकीतून नदी दिसते. ती खिडकी पोरांना द्यायची की हिराला, ते मी ठरवलेलं नाही. ती आली की तिलाच विचारणार आहे.