पोरांना कुठं जाऊ देत नाही?

मार्थावहिनींचा फोन आला तेव्हा मी माणिकपूरच्या ऑफिसात एक नकाशा तपासत होतो. "पास्कल गेले," त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कुठल्या साइटवर?" "घरीच... जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत." मला क्षणभर हायसं वाटलं. त्याची लाज महिना उलटला तरी गेलेली नाही.

पास्कलदादा जमीन मोजायला जायचे आणि त्यांनी आणलेल्या मापांवरून मी नकाशा काढायचो. भुईगावच्या जुन्या वाड्यांत पाऊल टाकणं सोपं नसतं. कुठं गवतात कठडा पडलेली विहीर, कुठं केळीआड लोंबणारी पंपाची वायर. मशीन उघडण्याआधी दादा ओट्यावर बसत आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारत, "आजी, पोरांना कुठं जाऊ देत नाही?" म्हातारी हात लांब करून दाखवी. तिथं ते बांबूच्या काठीने चाचपत आणि काठीला गुंडाळलेल्या लाल चिंध्यांतली एक सोडवून जवळच्या झाडाला बांधत. मगच मोजणी.

एकदा त्यांचा सोबती आजारी पडला म्हणून मी गेलो. घराला कुलूप होतं. दादा शेजारी कोणी आहे का बघायला वळले. ऊन चढत होतं, मला घाई होती. "जुन्या नकाशात इथं सपाट जमीन आहे," म्हणत मी समोरच्या हिरव्या पट्ट्याकडे निघालो. मागून कॉलर ओढली गेली. त्यांनी काठी पुढं खुपसली. ती हातभर आत गेली, मग दोन हात, मग मुठीपर्यंत. ते बावखल होतं, वाडीच्या शिंपणासाठी खणलेलं तळं, शेवाळाने पुरतं झाकलेलं.

"मास्तर," ते म्हणाले, "नकाशाला पोरं असतात का?"

मला पोहता येत नाही, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

आता त्यांची मुलगी रोझी तेच काम करते. दादांच्या महिन्याच्या मिस्साच्या, चर्चमधल्या प्रार्थनेच्या, दिवशी मी दुपारीच त्यांच्या घरी पोहोचलो, तर दारामागची काठी जागेवर नव्हती. "उमेळ्याला घेऊन गेलीय," वहिनी म्हणाल्या. माझा चहा गार झाला. उमेळ्यातल्या कितीतरी वाड्या विकल्या गेल्यात, त्या घरांत म्हाताऱ्या उरलेल्या नाहीत. ही विचारणार कोणाला? फोन लागत नव्हता. वहिनी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या. तिसऱ्यांदा मी गेलो...

रोझी आली ती चिखलाने माखलेल्या बुटांनी.

"कोणाला विचारलंस गं?"

"एक वॉचमन होता, काका. आठवडाच झालाय त्याला, त्याला काय माहीत? मग म्हटलं, भैया, कुत्ते किधर नहीं जाते?"

"मग?"

"आधी हसला. मग थोडा विचार केला आणि दाखवलं."

तिने काठी दारामागे ठेवली. काठी निम्म्याच्या वर ओली होती, आणि लाल चिंध्यांतल्या दोन कमी होत्या.